मनोरथ आणि माप

घरातील मुलामुलींच्या भवितव्याचा विषय निघाला, म्हणजे बहुधा दोन म्हणी एकाच बैठकीत ऐकू येतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे एक वडीलधारे माणूस बजावते. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असे दुसरे कोणी तितक्याच ठामपणे सांगते. दोघांचाही हेतू चांगला असतो, आणि दोघांपाशी आपापल्या अनुभवाचा पुरावाही असतो. पंचाईत होते ती ऐकणाऱ्याची. शेवटी दोन्ही मतांची बेरीज करून तिला दोहोंनी भागावे, तसा काही तरी मधला बेत ठरतो. ज्याला संशोधनाची ओढ आहे त्याने तूर्त एखादी हमखास नोकरीची परीक्षा द्यावी. जिला मैदान गाजवावयाचे आहे तिने शाळा सुटेपर्यंत खेळावे, पुढे नाही. या तडजोडीला घरोघरी समतोल हे नाव मिळते. वस्तुतः तिच्यात महत्त्वाकांक्षा निम्मी कापली जाते आणि वास्तवाचा शोध तर मुळीच घेतला जात नाही.

महत्त्वाकांक्षा आणि वास्तव ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली आलेच पाहिजे, अशी समजूत या घोटाळ्याच्या मुळाशी आहे. परंतु त्या दोहोंची कामे निराळी आहेत. कोठे जावयाचे, हे महत्त्वाकांक्षेने सांगावयाचे असते. आज किती चालवेल, वाटेत पाणी कोठे मिळेल आणि पाय कोणत्या ठिकाणी घसरण्याचा संभव आहे, हे वास्तवाने सांगावयाचे असते. मुक्काम दूरचा असला म्हणून पहिली मजल लांब असावी लागत नाही. आणि पहिली मजल लहान पडली म्हणून मुक्काम जवळ आणावा लागत नाही. हा भेद ध्यानात आला, म्हणजे पुष्कळसा गोंधळ आपोआप दूर होतो. मराठवाड्याच्या धाराशिव जिल्ह्यात, जो 2023 सालापर्यंत सरकारी दप्तरात उस्मानाबाद या नावाने नोंदला जात असे, या भेदाची काही बोलकी उदाहरणे सापडतात. त्यांपैकी पहिले दगडचुन्याचे आहे.

तुळजापूर तालुक्यात नळदुर्गचा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, तेथील बोरी नदीच्या पात्रात एक धरण बांधण्यात आले, आणि त्या धरणाच्या पोटातच एक महाल काढण्यात आला. तोच प्रसिद्ध पाणीमहाल होय. नदी अडविणाऱ्या भिंतीच्या आत माणसाने निवांत बसावे अशी दालने असावीत, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास वेडगळ वाटली असली तर नवल नाही. पण ज्याने ती कल्पना केली, त्याने पुराचा हिशेब सोडला नव्हता. धरण भरले की पाणी वाटेल तेथून वाहत नाही. त्याच्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या दोन सांडव्यांतून ते खाली कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. पावसाळ्यात महालात उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा असतो, आणि पायाखालची फरशी मात्र कोरडी राहते. पुराच्या धास्तीने महालाचा बेत सोडून दिला असता, तर चारचौघींसारखी एक भिंत तेवढी उभी राहिली असती. महालाच्या हौसेत पुराचा विसर पडला असता, तर भिंत आणि महाल दोन्ही नदीने नेले असते. बांधणाऱ्याने आपल्या कल्पनेचा निम्मा भाग टाकून दिला नाही. त्याने कल्पना पूर्ण ठेवली आणि पुराला वाट करून दिली.

माणसाच्या आयुष्यातील बेतांना मात्र दगडाइतके नेमके माप लावता येत नाही. यास्तव मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे पद्धतशीर लक्ष दिले, त्याचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल. बर्लिन येथे कुर्ट लेव्हिन यांच्या परिवारातील फर्डिनांड होपे यांनी 1930 च्या सुमारास काही प्रयोग केले आणि ‘आकांक्षेची पातळी’ ही कल्पना शास्त्रात रूढ केली. त्यांना असे आढळले की, यश मिळाले म्हणजे माणूस पुढच्या खेपेस आपले लक्ष्य वर नेतो आणि अपयश आले म्हणजे ते खाली आणतो. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अगदी सोपे काम साधले तर त्याचे यश मनाला लागत नाही. आणि शक्तीच्या फार पलीकडचे काम फसले तर त्याचे अपयशही मनाला लागत नाही. यशापयशाची खरी जाणीव होते ती शक्तीच्या काठावर असलेल्या कामांत.

या निरीक्षणातून एक गोष्ट निष्पन्न होते, आणि ती थोडी अडचणीची आहे. फार लहान ध्येय ठेवणारा मनुष्य भित्रा असतो, हे सर्वांस ठाऊक आहे; पण फार मोठे ध्येय ठेवणाराही कधी कधी तितकाच भित्रा असतो. अशक्य गोष्ट साधली नाही म्हणून कोणी कोणास दोष देत नाही. तेव्हा तिच्या आश्रयाने आजचे साधे काम टाळता येते. ‘मोठा ग्रंथ लिहावयाचा आहे’ असे वर्षानुवर्षे सांगणारा आणि एक पानही न लिहिणारा मनुष्य महत्त्वाकांक्षी म्हणून मिरवतो. वास्तविक तो परीक्षेतून सुटलेला असतो.

पुढे एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोन अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांचा सारांश 1990 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. ‘होईल तितके कर’ असे मोघम सांगितलेल्या माणसापेक्षा निश्चित आणि कठीण लक्ष्य समोर असलेला मनुष्य अधिक काम करतो, असे त्यांनी दाखविले. मात्र त्याला दोन अटी आहेत. ते लक्ष्य त्याने मनापासून स्वीकारलेले असावे, आणि त्यासाठी लागणारे कौशल्य त्याच्या अंगी असावे. काम नवे व गुंतागुंतीचे असेल, तर अमुक क्रमांक मिळवावयाचा असे लक्ष्य ठेवण्यापेक्षा अमुक गोष्ट शिकावयाची असे लक्ष्य ठेवणे अधिक फलदायी होते. ज्या मुलाला अद्याप गणिताची गोडी लागलेली नाही त्याच्यापुढे पहिल्या क्रमांकाचे निशाण उभारणे यामुळेच व्यर्थ जाते. आठवड्यात एक प्रकरण समजावून घेण्याचे लक्ष्य त्याला पुढे नेते.

वास्तवाची चूक बहुधा होते ती वेळेच्या अंदाजात. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारण्यात आले. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून अधिक काळ लागला. प्रबंध लिहिण्याचे ध्येय अवास्तव नव्हते, दिनदर्शिका अवास्तव होती. बेत आखताना माणूस आपल्या उत्साहाकडे पाहतो आणि मागच्या वेळी अशाच कामाला किती दिवस लागले होते ते विसरतो. घर बांधणारा, दुकान काढणारा आणि परीक्षेला बसणारा, हे तिघेही याच ठिकाणी फसतात. मग ठरलेल्या दिवशी काम झाले नाही म्हणून कामच सोडून दिले जाते. येथे ध्येय बदलण्याचे काही कारण नसते. तारीख बदलणे पुरेसे असते.

हे सारे तत्त्व एका खेळात डोळ्यांनी पाहता येते, आणि त्या खेळाशी धाराशिवचे नाते जवळचे आहे. तो खेळ म्हणजे खो-खो. त्याच्या पारंपरिक नियमांनुसार प्रौढ संघांना नऊ मिनिटांची पाळी असते. पळणारे गडी तिघातिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. पूर्ण नऊ मिनिटे एकट्याने पळत राहण्याचे स्वप्न कोणी शहाणा खेळाडू पाहत नाही. प्रत्येक तुकडीने तीन मिनिटे काढली, तर तीन तुकड्यांत सबंध पाळी निघते. म्हणून दोन-अडीच मिनिटांच्या पळतीचेही कौतुक होते. पाठलाग करणाऱ्याची गोष्ट याहून शिकण्याजोगी आहे. त्याला दोन खांबांमधली मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा मध्येच उलटता येत नाही. पुढचा गडी पाटीच्या पलीकडे निसटला, की त्याने बसलेल्या सोबत्याला मागून खो द्यावयाचा आणि स्वतः त्याच्या जागी बसावयाचे. खो देणे म्हणजे हरणे नव्हे. आपला पल्ला संपला हे वेळीच ओळखून तेच उद्दिष्ट दुसऱ्या वाटेने चालू ठेवणे, असा त्याचा अर्थ आहे. जो उगाच धावत राहतो आणि वेळेवर खो देत नाही, तो संघाचे नुकसान करतो.

धाराशिवच्या सारिका काळे यांनी हा खेळ वयाच्या तेराव्या वर्षी हाती घेतला. 2016 साली गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्या संघाच्या कर्णधार होत्या. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या खेळाडूस हा सन्मान 1998 नंतर, म्हणजे बावीस वर्षांनी, प्रथमच लाभत होता. त्या प्रसंगी त्यांनी स्वतः सांगितले की, घरच्या परिस्थितीमुळे सुमारे दहा वर्षे त्यांना दिवसातून एकाच वेळच्या जेवणावर काढावी लागली होती. ज्या वर्षी सुवर्णपदक आले त्याच वर्षी घरच्या आर्थिक विवंचनेने त्यांचे मन इतके खचले की, त्यांनी खेळ सोडण्याचे ठरविले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांची समजूत घातली, आणि त्या मैदानावर परतल्या. पुढे तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी म्हणून त्यांना नोकरी मिळाली.

ही हकीकत सांगून उपासाचे गुणगान करणे फार मोठा अन्याय होईल. अर्ध्या पोटी राहिल्यामुळे कोणी कर्णधार होत नाही. अर्ध्या पोटी राहिल्यामुळे खेळ सोडावा लागलेल्या मुलींची नावे कोणत्याही यादीत येत नाहीत, एवढेच. या हकीकतीत पाहण्याजोगी गोष्ट निराळी आहे. 2016 साली त्या खेळाडूसमोरचे वास्तव काय होते? एका बाजूस घरची ओढाताण होती, आणि तीत काही खोटे नव्हते. हिशेब मांडणाऱ्या कोणाही व्यवहारी माणसाने खेळ सोडण्याचाच सल्ला दिला असता. पण त्याच वास्तवात आणखीही काही होते. वर्षानुवर्षे मिळविलेले कौशल्य होते, राष्ट्रीय संघातील स्थान होते, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या 5 टक्के जागा होत्या, आणि वेळेवर चार शब्द बोलणारा एक प्रशिक्षक होता. निराश मनाला अडचणी तेवढ्या वास्तव वाटतात आणि साधने दिसत नाहीत. वास्तवाचा पूर्ण हिशेब म्हणजे जमा आणि खर्च, दोन्ही रकाने. नुसता खर्चाचा रकाना वाचून दाखविणाऱ्यास व्यवहारी म्हणण्याची चाल आहे. ती सोडून दिली पाहिजे.

तिसरे उदाहरण इतिहासातील आहे. याच जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावी 1921 साली एक राष्ट्रीय शाळा निघाली. त्या वेळी हा मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत होता, आणि राजकीय चळवळीस तेथे जागा जवळजवळ नव्हतीच. 1903 साली जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर हे तरुण गृहस्थ ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत वावरून पुढे या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. संन्यास घेतल्यानंतर तेच स्वामी रामानंद तीर्थ या नावाने प्रसिद्ध झाले. संस्थानातील प्रजा स्वतंत्र व्हावी हे ध्येय केवढे, आणि खेड्यातील शाळेत मुलांना धडे देणे हे काम केवढे! त्या काळी दोहोंचा संबंध जोडून दाखविणाऱ्यास लोकांनी हसण्यावारी नेले असते. परंतु ज्या ठिकाणी सभा भरविण्याची मुभा नव्हती, त्या ठिकाणी वर्ग भरविता येत होता. तेव्हा जे करता येत होते तेथून आरंभ झाला. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, स्वामीजींना तुरुंगवास भोगावा लागला, आणि अखेर सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. शाळेने संस्थान मुक्त केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण शाळेला क्षुल्लक मानून थांबलेल्या माणसाच्या हातून पुढचे कार्य झाले असते, असेही म्हणता येणार नाही.

येथवरचे विवेचन ऐकून कोणी विचारील की, ध्येय कधी सोडूच नये काय? तसे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. काही वाटा खरोखर बंद होतात. वयाची अट ओलांडली जाते, शरीर साथ देत नाही, परीक्षेच्या ठरलेल्या संधी संपतात. अशा वेळी नेट धरून बसणे हा निश्चय नसून हट्ट असतो. कार्स्टन व्रोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, असाध्य ठरलेले ध्येय जे सोडू शकतात आणि त्याच्या जागी नवे अर्थपूर्ण ध्येय धरू शकतात, त्यांचे मन अधिक स्वस्थ राहते. यातील दुसरा भाग विसरून चालत नाही. नुसते सोडणे ही पोकळी आहे. सोडून दुसरे धरणे हा खो आहे. जिला स्वतः राष्ट्रीय संघात खेळता आले नाही ती उद्या शाळेतील मुलींना पळती शिकवू शकते. ज्याचे वैद्यकीय शिक्षण हुकले तो औषधनिर्माण, परिचर्या किंवा आरोग्यसेवेच्या दुसऱ्या शाखेत त्याच दिशेने जाऊ शकतो. दिशा कोणती होती हे ज्याने आधी नीट ओळखले असेल, त्यालाच हा बदल साधतो. ज्याने केवळ पदवीचे नाव मनात धरले होते, त्याला नाव गेल्यावर काही उरत नाही.

प्रगतीचे माप कशाशी लावावे, हाही प्रश्न लहान नाही. 2018 साली केंद्र शासनाने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी एक कार्यक्रम हाती घेतला आणि त्या जिल्ह्यांना आकांक्षित जिल्हे असे नाव दिले. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोली यांच्याबरोबर या जिल्ह्याचीही त्यात निवड झाली. त्या कार्यक्रमाची एक रीत घरगुती जीवनातही घेण्याजोगी आहे. जिल्ह्याचे गुणांकन करताना तो आज कोठे उभा आहे एवढेच न पाहता, आधीच्या स्थितीपासून तो किती पुढे सरकला हे मोजले जाते. अवर्षणप्रवण जिल्ह्याची तुलना रोज पुण्या-मुंबईशी केली, तर हाती केवळ खिन्नता येते. त्याची तुलना त्याच्याच कालच्या स्थितीशी केली, तर उद्या काय करावयाचे ते कळते. शेजारच्या घरातील मुलाचे गुण आपल्या मुलापुढे वाचून दाखविणाऱ्या पालकांनी ही रीत अवश्य विचारात घ्यावी.

घरात एखाद्या बेताचा विचार चालला असता काही साधे प्रश्न विचारता येतात. हे ध्येय कोणाचे आहे, ज्याने चालावयाचे त्याचे की पाहणाऱ्यांचे? पुढील तीन महिन्यांत करता येईल असा त्याचा पहिला टप्पा कोणता? अशा कामाला इतरांना किती काळ लागला, आणि तेवढा काळ घर निभावून नेऊ शकेल काय? बेत फसला तर पाणी कोणत्या सांडव्याने जाईल? शेवटच्या प्रश्नाची पुष्कळांना धास्ती वाटते. अपयशाचा उच्चार केला तर ते ओढवेल असे त्यांना वाटते. पण नळदुर्गच्या बांधकाराने सांडवे ठेवले ते धरण फुटावे म्हणून नव्हेत.

याखेरीज एक प्रश्न वडीलधाऱ्यांनी स्वतःस विचारावयाचा आहे. मुलीला ‘परिस्थिती पाहा’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या परिस्थितीचा पुष्कळसा भाग सांगणाऱ्याच्याच हातात असतो. पहाटेच्या सरावाला सोबत जावयाचे की नाही, संध्याकाळचा स्वयंपाक तिच्यावरच टाकावयाचा की वाटून घ्यावयाचा, लग्नाची बोलणी दोन वर्षे पुढे ढकलावयाची की नाही, भावाच्या शिकवणीइतकाच खर्च तिच्या बुटांवर करावयाचा की नाही, या गोष्टी आकाशातून पडत नाहीत. घराने त्या ठरविलेल्या असतात, आणि मग त्यांनाच वास्तव हे भारदस्त नाव दिले जाते. पाऊस कमी पडणे हे वास्तव आहे. त्यापुढे माणसाचा इलाज थोडा चालतो. ताटातील भाकरीची वाटणी हेही वास्तवच आहे, पण ते आजच्या आज बदलता येते.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण खोटी नाही. मात्र तिचा उपयोग अंथरूण किती आहे ते नीट मोजण्यासाठी करावा. पाय कापण्यासाठी करू नये. मोजल्यावर ते तोकडे भरले, तर त्याला आणखी एक पट्टी जोडणे घरातील चार माणसांनी मिळून मनावर घेतल्यास फारसे अवघड नसते.